सेनेगलपासून सह्याद्रीपर्यंत : कॅम्पोनोटस सेरिसियस या सुतार मुंगीचे वर्गीकरण आणि प्रसार कसा अभ्यासावा

कॅम्पोनोटस सेरिसियस ही सुतार मुंगीची जात योहान ख्रिस्तियान फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये सेनेगलमधील नमुन्यांवरून वर्णिली. हीच जात पुढे आफ्रिकेच्या सॅव्हाना पट्ट्यातून पूर्वेकडे, अरबस्तानच्या दक्षिण भागातून आणि भारत-श्रीलंकेतूनही नोंदली गेली. महाराष्ट्रातील माळरानांवर भर दुपारी एकेकटी फिरणारी, सोनेरी रेशमी लव असलेल्या पोटाची काळी मुंगी अनेकांनी पाहिलेली असते. तिचे शास्त्रीय नाव मात्र पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याशी बांधलेले आहे. त्यामुळे एखाद्या आफ्रिकी मुंगीचे वर्गीकरण आणि तिचा भौगोलिक प्रसार पद्धतशीरपणे कसा तपासावा हे शिकायचे असेल, तर मराठी अभ्यासकासाठी याहून योग्य उदाहरण मला दिसत नाही. दूरच्या खंडातील साहित्य वाचून घेतलेली माहिती येथे आपल्या पायाखालच्या जमिनीवर पडताळून पाहता येते.

या लेखात मराठी विश्वकोशाच्या पद्धतीप्रमाणे ‘प्रजाती’ हा शब्द जातींच्या गटासाठी आणि ‘जाती’ हा शब्द त्यातील एका घटकासाठी वापरला आहे. कॅम्पोनोटस ही प्रजाती गुस्ताव मायर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८६१ मध्ये स्थापन केली. तिच्यात आज एक हजाराहून अधिक जाती मोडतात, आणि हा प्रचंड आकडाच पुढील बहुतेक अडचणींचे मूळ आहे.

पहिली पायरी : नावाचा इतिहास मुळापासून उलगडणे

अभ्यास मुंगीपासून सुरू करण्याचा मोह आवरावा आणि नावापासून सुरुवात करावी. प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाची गणना लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून होते आणि त्यानंतरचे प्रत्येक वैध नाव कोणत्या तरी प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेले असते. अशा नमुन्यास टाइप नमुना म्हणतात. लेखकाने एकच नमुना मुख्य म्हणून निवडला असेल तर तो होलोटाइप. अनेक नमुन्यांवरून वर्णन केले असेल आणि त्यांतील एकही वेगळा काढला नसेल, तर ते सारे सिनटाइप. आणि त्या सिनटाइपांतून नंतरच्या संशोधकाने एक निवडून नाव त्याच्याशी कायमचे जोडले, तर तो लेक्टोटाइप. अठराव्या शतकातील वर्णने दोन-चार ओळींची असत आणि ती आज एकाच वेळी पाच-सहा जातींना लागू पडू शकतात. म्हणून जुन्या नावाचा खरा अर्थ वर्णनातून कमी आणि नमुन्यातून अधिक कळतो. फाब्रिसियसचा कील येथील संग्रह पुढे कोपनहेगनच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयाकडे गेला. त्यामुळे त्याच्या कोणत्याही मुंगीचा शोध घेताना पहिली चौकशी तेथे करावी लागते.

नाव लिहिण्याची पद्धतही माहिती देते. फाब्रिसियसने ही मुंगी फॉर्मिका या प्रजातीत ठेवली होती. फॉर्मिका हे लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी असल्याने मूळ नाव ‘फॉर्मिका सेरिसिया’ असे होते. पुढे ती पुल्लिंगी कॅम्पोनोटसमध्ये आली तेव्हा ‘सेरिसियस’ असे रूप झाले. आज नावापुढे फाब्रिसियसचे नाव व वर्ष कंसात लिहितात, आणि तो कंस म्हणजे ही जात मूळ लेखकाने दुसऱ्या प्रजातीत वर्णिली होती याची खूण असते. एखाद्या यादीत कंस नसेल किंवा जुने स्त्रीलिंगी रूप दिसले, तर ती यादी तयार करणाऱ्याने मूळ संदर्भ पाहिला आहे का, अशी शंका घ्यावी.

यानंतर त्या जातीची आजची स्थिती तपासावी. त्यासाठी अँटकॅट ही जगातील मुंग्यांच्या नावांची ऑनलाइन सूची सर्वांत उपयुक्त आहे. तिचा पाया बॅरी बोल्टन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक सूचीत आहे. तेथे जातीचे पान उघडून पुढील गोष्टी एका वहीत क्रमाने उतरवून घ्याव्यात : मूळ नाव, लेखक, वर्ष, टाइप नमुन्याचे ठिकाण, वर्णन कोणत्या वर्गाच्या मुंगीवरून केले (कामकरी, राणी की नर), नंतर कोणकोणत्या प्रजाती-उपप्रजातींत ती हलवली गेली, आणि कोणती नावे तिच्यात विलीन झाली. सेरिसियस सध्या ऑर्थोनोटोमिर्मेक्स या उपप्रजातीत ठेवली जाते. उपप्रजातींची ही चौकट बरीचशी विसाव्या शतकाच्या आरंभी बाह्य रूपावरून उभारलेली असल्याने तिला सोयीची कप्पेबंदी मानावे आणि तिच्यावरून नात्याविषयी निष्कर्ष काढू नयेत. २०१६ मध्ये वॉर्ड, ब्लेमर आणि फिशर यांनी जनुकीय पुराव्यांच्या आधारे कोलोबोप्सिस व डिनोमिर्मेक्स या गटांना कॅम्पोनोटसमधून बाहेर काढून स्वतंत्र प्रजातींचा दर्जा दिला. जुन्या याद्यांतील ‘कॅम्पोनोटस’ हा शब्द आजच्या कॅम्पोनोटसपेक्षा व्यापक आहे, हे त्यामुळे सतत ध्यानात ठेवावे लागते.

दुसरी पायरी : चार शब्दांच्या नावांचा गुंता सोडवणे

आफ्रिकी सुतार मुंग्यांचे जुने साहित्य उघडताच ऑग्युस्त फोरेल, कार्लो एमेरी आणि फेलिक्स सांत्ची ही तीन नावे वारंवार भेटतात. या तिघांनी आफ्रिकेतील मुंग्यांची अक्षरशः शेकडो नावे दिली आणि त्यांतील पुष्कळ नावे जात, तिची वंशशाखा आणि त्या शाखेचा प्रकार अशा उतरंडीने लिहिलेली असतात. रंग किंचित फिका, केस थोडे जास्त, डोके जरा रुंद, एवढ्या फरकावर नवा ‘प्रकार’ स्थापन होत असे. तो काळ आणि त्या काळातील अपुरे नमुने पाहता त्यांच्या परिश्रमाबद्दल आदरच वाटतो, पण आजच्या अभ्यासकाला ती नावे जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत.

येथे नामकरण संहितेचा नियम स्पष्ट आहे. १९६१ पूर्वी एखाद्या जातीखाली थेट ‘प्रकार’ म्हणून दिलेले नाव सामान्यतः उपजातीच्या दर्जाचे मानले जाते आणि ते वापरासाठी उपलब्ध असते. उपजातीच्याही खाली चौथा शब्द म्हणून दिलेले नाव मात्र उपलब्ध नसते. नंतरच्या कोणी ते उपजात किंवा जात म्हणून रीतसर वापरले, तर बहुतेक वेळा त्या वापराचे वर्ष व लेखक ग्राह्य धरावे लागतात. म्हणून जुने नाव उतरवून घेताना शब्द किती आहेत हे मोजावे आणि मूळ पान पाहिल्याशिवाय वर्ष लिहू नये.

या गुंत्याचे सर्वांत ठळक उदाहरण कॅम्पोनोटस मॅक्युलॅटस ही आफ्रिकी जात आहे. तीही फाब्रिसियसनेच वर्णिली. एके काळी जगभरातील पिवळसर-तपकिरी, ठिपकेदार, रात्री फिरणाऱ्या सुतार मुंग्या तिच्या उपजाती म्हणून नोंदल्या जात; उत्तर अमेरिकेतील व्हिसिनस ही मायरने १८७० मध्ये वर्णिलेली जातदेखील काही काळ मॅक्युलॅटसची उपजात मानली गेली. त्या काळातील ‘मॅक्युलॅटस’च्या नोंदी एकत्र करून नकाशा काढला, तर ही मुंगी जवळजवळ सर्व खंडांवर पसरलेली दिसेल, आणि तो नकाशा पूर्णपणे निरर्थक असेल. भारताशी जोडलेले याच धर्तीचे दुसरे उदाहरण कॅम्पोनोटस रूफोग्लॉकस या जातीचे आहे. जर्डन यांनी १८५१ मध्ये दक्षिण भारतातील मुंग्यांच्या सूचीत तिचे वर्णन केले. गेर्श्टेकर यांनी १८५९ मध्ये वर्णिलेली सिंक्टेलस ही आफ्रिकी मुंगी पुढे बराच काळ तिचीच शाखा म्हणून लिहिली गेली. जुन्या ग्रंथात आफ्रिकेतून रूफोग्लॉकसची नोंद दिसली, तर ती आज कोणत्या जातीकडे जाते हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

तिसरी पायरी : मुंगी हातात घेऊन ओळख पटवणे

प्रथम प्रजाती निश्चित करावी. कॅम्पोनोटसच्या कामकरी मुंगीची कंबर एकाच गाठीची असते, शृंगिकेत (डोक्यावरील स्पर्शेंद्रियात) बारा खंड असतात, आणि पोटाच्या टोकाला नांगीऐवजी केसांची झालर असलेले गोल छिद्र असते, ज्यातून ती फॉर्मिक आम्ल फवारते. पण हे वर्णन इतर काही प्रजातींनाही लागू पडते. खरी निर्णायक खूण डोक्यावर आहे : शृंगिकांची मुळे तोंडावरच्या पट्टीच्या मागच्या कडेला टेकलेली नसतात, ती तेथून स्पष्ट अंतर राखून मागे असतात. शिवाय बहुतेक मुंग्यांच्या छातीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात असणारे ग्रंथीचे छिद्र कॅम्पोनोटसच्या कामकरी मुंग्यांमध्ये सहसा नसते. पॉलिऱ्हॅकिस ही जवळची प्रजाती रेशमी लवेमुळे दुरून फसवते, पण तिच्या बहुतेक जातींच्या छातीवर किंवा कंबरेच्या गाठीवर काटे असतात आणि पोटाचे पहिले वरचे कवच पोटाच्या निम्म्याहून अधिक भाग झाकते.

त्यानंतर जात. सेरिसियसच्या पोटावर अंगालगत बसलेली दाट, सोनेरी झाक असलेली लव असते, पण केवळ तिच्यावर विसंबून राहणे ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. भारतात रूफोग्लॉकस आणि पॅरियस या दोन जातींच्या पोटावरही रेशमी लव असते, आणि छायाचित्रांच्या संकेतस्थळांवर या तिघींची सतत अदलाबदल झालेली दिसते. म्हणून मुंगी बाजूने पाहावी. रूफोग्लॉकस व पॅरियसच्या छातीची वरची रेषा मानेपासून कंबरेपर्यंत एकसंध कमानीसारखी वळत जाते. सेरिसियसमध्ये ती कमान मोडलेली असते, मध्ये स्पष्ट खाच दिसते, आणि छातीचा शेवटचा भाग वरून सपाट होऊन मागे एकदम खाली उतरतो, त्यामुळे तो कोनदार पेटीसारखा दिसतो. डोक्याचा रंग काळ्यापासून लालसरापर्यंत बदलतो आणि पायांच्या रंगातही फरक आढळतो. रंगाला ओळखीचा पाया कधीच मानू नये.

मोजमाप घेताना वर्गभेद पाळणे अत्यावश्यक आहे. सुतार मुंग्यांच्या एकाच वारुळात लहान आणि थोराड अशा वेगवेगळ्या आकारांच्या कामकरी असतात, आणि आकार वाढतो तशी अवयवांची प्रमाणे बदलतात : थोराड कामकरीचे डोके रुंद होत जाते, पण शृंगिकेचा पहिला लांब खंड त्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी सेनेगलमधील लहान कामकरीची तुलना पुण्यातील थोराड कामकरीशी केली, तर दोन वेगळ्या जाती ‘सापडतात’. डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, शृंगिकेच्या पहिल्या खंडाची लांबी आणि छातीची तिरकी लांबी ही चार मापे प्रत्येक वारुळातील अनेक कामकरींवर घ्यावीत, आणि डोक्याच्या रुंदीच्या आलेखावर इतर मापे मांडावीत. दोन प्रदेशांतील बिंदू एकाच रेषेवर येत असतील, तर दिसणारा फरक आकाराचा आहे. रेषाच वेगळ्या असतील, तर पुढे तपास करण्यासारखे काही हाती लागले आहे.

वागणुकीतूनही दुजोरा मिळतो. सेरिसियस दिवसा अन्न शोधते, जमिनीत घर करते, आणि अन्नाकडे किंवा नव्या घराकडे सोबतिणीला नेताना एकीमागे एक अशी जोडीने धावते : पुढची वाट दाखवते, मागची शृंगिकांनी तिला स्पर्श करत राहते आणि स्पर्श तुटला की पुढची थांबते. हॉल्डॉब्लर, म्योग्लिश आणि माशवित्झ यांनी १९७४ मध्ये या जातीच्या जोडधावेचे तपशीलवार वर्णन केले. माळावर अशी जोडी दिसली, तर नमुना उचलण्यापूर्वी थोडा वेळ थांबून पाहावे. अशी नोंद चिमटीत धरलेल्या मृत मुंगीवरून कधीच मिळत नाही.

चौथी पायरी : नमुने आणि परवानग्या

एका घरट्यातील लहान-थोराड मिळून काही कामकरी ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवाव्यात, म्हणजे जनुकीय तपासणीचा मार्ग खुला राहतो. त्यांतील काही त्रिकोणी कार्डाच्या टोकावर चिकटवून टाचणीवर लावाव्यात. चिकटवताना डिंक पायांच्या मधल्या व मागच्या जोडीच्या मुळांमध्येच लागेल याची काळजी घ्यावी, कारण छातीची बाजू आणि कंबर झाकली गेली तर वर सांगितलेली खूण दिसणारच नाही. लेबलवर देश, जिल्हा, ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, दिनांक, संग्राहक आणि अधिवास एवढे असलेच पाहिजे. महिना रोमन अंकांत लिहिण्याची पद्धत दिवस-महिन्याचा गोंधळ टाळते. संरक्षित क्षेत्रात वन खात्याची परवानगी लागते. भारतातून नमुने संशोधनासाठी परदेशी पाठवण्यावर जैविक विविधता अधिनियम २००२ चे नियम लागू होतात, आणि अनेक आफ्रिकी देशांत जैविक संसाधनांच्या वापराविषयीच्या आंतरराष्ट्रीय नागोया करारानुसार स्वतंत्र संमती घ्यावी लागते.

डीएनए बारकोड म्हणून वापरला जाणारा ६५८ अक्षरांचा जनुकखंड उपयोगी आहे, पण तो केवळ मातेकडून येणारा वारसा सांगतो. बाह्य मापे आणि केंद्रकातील जनुके यांची साथ नसताना त्यावरून जात फोडू नये.

पाचवी पायरी : जुन्या लेबलांवरील जागा आजच्या नकाशावर आणणे

माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत कसोटीचा आणि सर्वांत रंजक भाग हाच आहे, कारण येथे कीटकशास्त्राला इतिहासाची जोड लागते. आफ्रिकेतील बहुतेक जुने नमुने वसाहतींच्या काळातले आहेत आणि त्यांच्यावरील देशांची नावे आज अस्तित्वात नाहीत. अपर व्होल्टा म्हणजे १९८४ पासूनचे बुर्किना फासो, दाहोमे म्हणजे बेनिन, गोल्ड कोस्ट म्हणजे १९५७ मध्ये स्वतंत्र झालेले घाना, बेचुआनालँड म्हणजे बोट्सवाना, ॲबिसिनिया म्हणजे इथियोपिया. ऱ्होडेशिया उत्तरेची असेल तर झांबिया आणि दक्षिणेची असेल तर झिंबाब्वे. गिनी फ्रेंच, पोर्तुगीज की स्पॅनिश यावर तीन वेगळे देश ठरतात. सर्वांत धोकादायक शब्द ‘सुदान’ हा आहे. १९६० पूर्वीच्या फ्रेंच लेबलवरील सुदान म्हणजे आजचे माली असू शकते, तर ब्रिटिश लेबलवरील सुदान म्हणजे खार्टूमचे. बामाको आणि खार्टूम यांच्यात चार हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे. संग्राहकाची भाषा, संग्रहालयाचा देश आणि दिनांक यांवरून निर्णय घ्यावा.

आपल्याकडील लेबलेही सोपी नाहीत. आर. सी. रॉटन या मुंबई इलाख्यातील वनाधिकाऱ्याने पुणे, कानडा इत्यादी भागांतून मुंग्या गोळा करून फोरेल यांना पाठवल्या आणि १८९२ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय मुंग्यांवर लिहिले. त्यावेळचा ‘कानडा’ आज कर्नाटकात आहे. ‘मुंबई इलाखा’ एवढेच लिहिलेले लेबल तर अधिक अवघड आहे, कारण १९३६ पर्यंत सिंध आणि १९३२ पर्यंत एडन मुंबईच्या अखत्यारीत होते. आफ्रिका व भारत यांच्यामधील प्रसार समजून घेण्यासाठी जो अरबी किनारा महत्त्वाचा आहे, त्याचाच एक भाग प्रशासकीयदृष्ट्या मुंबईत मोडत होता. अशा लेबलला नकाशावर एक बिंदू देऊ नये. ‘जागा अनिश्चित’ अशा वेगळ्या स्तंभात ते ठेवावे.

अक्षांश-रेखांश असलेल्या आधुनिक नोंदीही तपासून घ्याव्यात. डाकार सुमारे १४.७ अंश उत्तर आणि १७.४ अंश पश्चिम येथे आहे. पश्चिम रेखांशाचे उणे चिन्ह संगणकात भरताना राहिले, तर तीच नोंद चाडमध्ये जाऊन पडते. चाडचा तो भागही साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडील, कोरड्या पट्ट्यातलाच असल्याने चूक डोळ्यांना खटकत नाही आणि नकाशात कायमची राहते. म्हणून प्रत्येक बिंदू लेबलवरील देशाच्या नावाशी जुळवावा. प्रत्येक नोंदीपुढे अनिश्चिततेचे अंतरही किलोमीटरमध्ये लिहावे. दशांश दोन स्थळांपर्यंत दिलेले अक्षांश सुमारे १.१ किलोमीटरपर्यंतच नेमके असतात.

सहावी पायरी : नोंदींची प्रत ठरवणे आणि नकाशा काढणे

अँटवेब हे कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचे संकेतस्थळ नमुन्यांची छायाचित्रे देते, आणि अँटमॅप्स देश-राज्यनिहाय प्रसार दाखवते. भारतासाठी २०१६ मध्ये भारती, गेनार्ड व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली ८२८ जाती-उपजातींची सूची हाताशी ठेवावी. अरबस्तानासाठी कॉलिंगवुड यांचे १९८५ चे काम आणि दक्षिण आफ्रिकेसाठी बुलावायो येथे काम करणाऱ्या जॉर्ज अर्नोल्ड यांचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील विस्तृत ग्रंथ पाहावा.

या सर्व नोंदी एकाच वजनाच्या नसतात. तज्ज्ञाने ओळखलेला व संग्रहालयात असलेला नमुना पहिल्या प्रतीचा; छातीची बाजू स्पष्ट दिसणारे छायाचित्र दुसऱ्या प्रतीचे; केवळ यादीतील नाव तिसऱ्या प्रतीचे. नकाशावर तीन वेगळ्या चिन्हांनी ती दाखवावीत. एखाद्या देशातून फक्त तिसऱ्या प्रतीची नोंद असेल, तर पूर्ण देश रंगवण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण रंगवलेला सुदान वाचकाला सहारातही ही मुंगी असल्याचे सांगतो.

बिंदू मांडल्यावर पर्जन्यमान आणि वनस्पतींचे थर त्यांच्याखाली ठेवावेत. सेरिसियसचे बिंदू प्रामुख्याने मोकळ्या, कोरड्या, ऋतुमानानुसार पाऊस पडणाऱ्या प्रदेशांत येतात. बाभूळ आणि पिलू ही झाडेही आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे भारतापर्यंत नैसर्गिकरीत्या पसरलेली आहेत. या साम्यामुळे या मुंगीचा प्रसार कोरड्या प्रदेशांच्या जुन्या सलगतेतून झाला असावा, हे गृहीतक जहाजातून माणसाने नेल्याच्या गृहीतकापेक्षा मला अधिक सबळ वाटते. ते तपासायचे असेल, तर सेनेगल, इथियोपिया, येमेन आणि दख्खन अशा क्रमाने घेतलेल्या नमुन्यांतील जनुकीय अंतर भौगोलिक अंतराबरोबर हळूहळू वाढते का, हे पाहावे. माणसाने अलीकडे नेलेल्या मुंगीत असा क्रमिक बदल दिसत नाही. नव्या प्रदेशातील वारुळे एखाद्या बंदरातील वारुळांशी जवळजवळ एकरूप निघतात.

सातवी पायरी : काम इतरांना पडताळता येईल असे ठेवणे

प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक मोजमापांच्या तक्त्यात, छायाचित्रात व नकाशाच्या माहितीत सारखाच वापरावा. महाराष्ट्रातील नमुने पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्राकडे किंवा मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे जमा करण्याविषयी विचारणा करावी. आफ्रिकेत सहकाऱ्यांबरोबर काम झाले असेल, तर त्या देशातील संग्रहालयात नमुन्यांचा एक संच राहिलाच पाहिजे. ओळख कोणी, कोणत्या वर्षी आणि कोणत्या ग्रंथाच्या आधारे केली, हे वेगळ्या छोट्या लेबलवर लिहून टाचणीला लावावे. नंतरच्या अभ्यासकाचे मत वेगळे झाले, तर त्याने आपले लेबल खाली जोडावे आणि आधीचे तसेच राहू द्यावे.